रूपकाची पहिली सरी

मखमलाबादच्या पुढं, डाव्या कालव्याच्या कडेला, सावळीराम विधातेची वीस गुंठे झेंडूची जमीन आहे. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली त्या वीस गुंठ्यांत त्याच्या घरच्यांनी तबल्याची परीक्षा पेरली. परत वाचायची गरज नाही, बरोबर वाचलंत. लोक सोयाबीन पेरतात, भुईमूग पेरतात, विधात्यांनी परीक्षा पेरली आणि वर दसऱ्याला फुलंही विकली.

सावळीराम तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. बाप भजनी मंडळात पखवाज वाजवायचा, त्याच्या मांडीवर बसून याचा हात तयार झाला. गावच्या शाळेत तो बारा वर्षं पोरांना तबला शिकवत होता, पण तात्पुरता. म्हणजे स्नेहसंमेलन आलं की बोलवायचे, पाहुणे गेले की विसरायचे. पोरं त्याला 'तबलेवाले काका' म्हणायची. ड्रॉइंगच्या मास्तरला सर, पीटीच्या मास्तरला सर, बागकाम शिकवायला वर्षातून दोनदा येणाऱ्या माणसालासुद्धा सर, आणि हा काका. हे त्याला आतून लागायचं. बोलून दाखवायचा नाही, पण शाळेतून आल्यावर त्या दिवशीची भाकरी तो एक कमी खायचा, आणि त्याची बायको मैना त्यावरून ओळखायची.

मग शाळेला संगीत शिक्षकाची कायमची जागा मंजूर झाली. हेडमास्तर देवरे सर, मूळचे देवळ्याचे, माणूस सरळ. त्यांनी सावळीरामला बोलावून समोर बसवलं आणि सांगितलं, "हे बघा, जागा पुढच्या जूनपासून भरायची आहे. तुमच्यासारखा हात जिल्ह्यात नाही, हे मला माहीत आहे. पण कागद लागतो. नोव्हेंबरला तबल्याची चौथी परीक्षा पास व्हा, जागा तुमची. नाही झालात तर माणूस बाहेरून येईल. त्यात मला काही करता येणार नाही."

आता ही चौथी परीक्षा म्हणजे दोन भाग. एक वाजवायचा आणि एक लिहायचा. दोन्ही एकाच खेपेला पास व्हावे लागतात, एक जरी गेला तरी पुन्हा पहिल्यापासून. वाजवण्यात सावळीरामचा हात कुणी धरला नसता. लिहिण्यात मात्र त्याचं गाडं चिखलात.

तो आधी दोनदा बसून आला होता. पहिल्या खेपेला प्रश्न आला, 'ताल म्हणजे काय?' सावळीरामनं पाऊण तास विचार केला आणि लिहिलं, 'ताल म्हणजे ताल.' खोटं काय आहे त्यात? पण मार्क मिळाले नाहीत. दुसऱ्या खेपेची गोष्ट तर सांगायलाही लाज वाटते. ताल मात्रांसकट लिहायचे होते, आणि याची अडचण अशी की हात हलल्याशिवाय याला बोल आठवत नाहीत. म्हणून त्यानं बाकावर बोटांनी हळूच वाजवून बघायला सुरुवात केली. हळूच म्हणजे त्याच्या मानानं हळूच. वर्गात बत्तीस पोरं होती, त्यांनी ऐकलं आणि भराभर उतरवून घेतलं. पर्यवेक्षकांनी याला आधी मागच्या बाकावर, मग व्हरांड्यात आणि शेवटी जिन्याखाली नेऊन बसवलं आणि ताकीद दिली की बोट हललं तर पेपर काढून घेईन. सावळीराम दोन्ही हात मांडीखाली घालून बसून राहिला. आता हात मांडीखाली घातल्यावर लिहिणार कशानं? बत्तीसच्या बत्तीस पोरं पास झाली. हा एकटा गेला.

त्या बत्तिसांत त्याची स्वतःची मुलगी होती. स्नेहल, नववीतली, बापाकडंच शिकलेली. बापाचं बोट ऐकून पास झाल्याचं तिच्या मनाला खात होतं, म्हणून या खेपेला तिनं कंबर कसली. शाळेतून आली की बापाला चुलीपाशी पाटावर बसवायची आणि वही पुढ्यात टाकायची. 'खाली म्हणजे काय?' दहादा लिहून काढा. 'ठेका म्हणजे काय?' दहादा. सावळीराम बिचारा लिहायचा. संध्याकाळी लिहिलेलं सकाळी विचारलं की बघतच राहायचा.

"बाबा, अहो काल दहादा लिहिलंत."

"लिहिलं ना. वहीत आहे ते."

स्नेहल रडकुंडीला यायची. मैना भाकऱ्या थापता थापता ऐकत होती. तिला गंमत एका गोष्टीची वाटायची. या माणसाला कालची व्याख्या आठवत नाही, पण जमिनीतलं काहीही विचारा. शहाऐंशी साली बांधापासून सातव्या सरीत काय होतं? कोबी, आणि त्यातले अकरा गड्डे सडले होते. लग्नाच्या वर्षी विहिरीकडच्या तिसऱ्या सरीत? वांगी, काटेरी. तिनं बारा-पंधरा सऱ्या विचारून बघितल्या, एकही चुकली नाही. मग तिनं पिठाचे हात झटकले आणि म्हणाली, "स्नेहल, ती वही ठेव बाजूला. तुझ्या बापाच्या डोक्यात काही राहत नाही, रानात राहतं. आपण पुस्तक रानात लावू."

सावळीराम हसला. मैना हसली नाही, तेव्हा तो गप्प बसला.

जुलैत झेंडूची लागण होती. स्नेहलनं वहीच्या मधल्या जोडपानावर नकाशा काढला. एक सरी म्हणजे एक मात्रा. तीनताल सोळा मात्रांचा, म्हणून सोळा सऱ्या. मग मक्याची एक ओळ, की ताल संपला हे कळावं. पुढं झपताल दहा सऱ्या, मका, एकताल बारा सऱ्या, मका आणि विहिरीकडून शेवटचा, पण बांधाकडून पहिला, रूपक, सात सऱ्यांचा, तो मात्र बांधाकडून मोजायचा. जिथं टाळी द्यायची त्या सरीत भगवा झेंडू. बाकी सगळीकडं पिवळा. आणि जिथं खाली येते, म्हणजे जिथं टाळी न देता हात नुसता हवेत फिरवून मात्रा दाखवतात, ती सरी मोकळी. मोकळी म्हणजे पाणी द्यायचं, खुरपायची, पण लावायचं काही नाही. तेलाचे डबे कापून मैनानं पत्र्याच्या पाट्या केल्या, स्नेहलनं ब्रशनं त्यांवर बोल लिहिले आणि प्रत्येक सरीच्या तोंडाशी एक पाटी ठोकली. धा, धिं, धिं, धा.

इतिहासाला जागा उरली नाही. मग संगीताचा प्राचीन काळ विहिरीच्या काठाला दिला, मध्ययुग जांभळाखाली आणि आधुनिक काळ मोटारीच्या खोलीत. हे तसं बरं जमलं होतं, फक्त लाइट गेली की सावळीराम आधुनिक काळात जायचाच नाही. म्हणायचा, मोटार बंद आहे, तिथं जाऊन काय करू?

रोज उजाडताना तो रानात उतरायचा आणि एकेका सरीवरून तोंडानं बोल म्हणत चालायचा. पंधरा दिवसांत फरक पडला. स्नेहलनं चुलीपाशी विचारलं, "झपतालाची आठवी मात्रा?" सावळीराम डोळे मिटून म्हणाला, "भगवा. टाळी. धी. बुंध्याला थोडी वाळवी आहे." स्नेहलनं आईकडं बघितलं. मैनानं त्या दिवशी भाजीत शेंगदाण्याचं कूट हात सोडून घातलं.

गावात अर्थात बोभाटा झाला. खुडायला येणारी शकुबाई शेजारणीला सांगायची, "मी आज धिं वर होते, उद्या ना वर जायचंय. ना ला गवत लय." एक दिवस तालुक्याचा कृषी सहायक फिरत आला. मधल्या सऱ्या ओसाड बघून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि डायरी काढली. "मर रोग आहे. पण हा असा नेमका नवव्याच सरीला कसा लागला?"

मैना म्हणाली, "रोग नाही साहेब. खाली आहे ती."

"किती दिवसांपासून आहे?"

"पहिल्यापासूनच असते."

त्यानं 'खाली, बीजजन्य' असं लिहून घेतलं आणि औषध सांगून गेला. ते औषध त्यांनी मारलं नाही हे बरं केलं.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण घरात आणखी एक माणूस होतं, आणि त्या माणसाला कुणी काही सांगितलं नव्हतं.

सावळीरामची आई नवसाबाई. सत्तरीची, अंगानं काटक, जिभेनं त्याहून. पाच वर्षांची असल्यापासून ती रानात राबलेली, आणि तिचा एकच कायदा होता, की पाणी पाजलेली जमीन उघडी ठेवायची नाही. ज्याच्या रानात मोकळी सरी त्याच्या घरात मोकळं ताट. तिला कुणी म्हणालं असतं की पोराचा एक दात पाडून ठेवा, तर तेही तिनं एकवेळ ऐकलं असतं. पण पाणी पाजलेली, खुरपलेली, नुसती पडून असलेली सरी तिच्या डोळ्यांत कुसळासारखी सलायची.

पहिल्यांदा तीनतालाच्या नवव्या सरीत मेथी उगवली. सगळ्यांना वाटलं, बी वाऱ्यानं आलं असेल. मेथीचं बी वाऱ्यानं येतं का, पण माणूस घरात भांडण नको म्हणून काहीही मानतो. ती उपटली. मग झपतालाच्या सहाव्या सरीत कोथिंबीर आली. एकतालात दोन खाली, तर एकीत लसूण आणि दुसरीत मुळा. मैना उपटायची, म्हातारी लावायची. स्नेहल ओरडायची, "आजी, ती खाली आहे." म्हातारी म्हणायची, "खालीच लावलंय बाई, वर कुठं लावलं?" आणि बियांची पुरचुंडी कमरेला खोचून चालू लागायची.

शेवटी मैनानं घरातलं सगळं बी कुलपात टाकलं. तेव्हा नवसाबाईनं वेगळी वाट धरली.

रूपक तालाची एक गंमत आहे. बाकीच्या तालांत पहिली मात्रा म्हणजे सम, मानाची जागा, तिथं टाळी पडते. रूपकात उलटं. तिथं समेवरच खाली. म्हणजे विधात्यांच्या रानात रूपकाची पहिलीच सरी मोकळी होती, आणि ती नेमकी बांधाला लागून, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला आधी दिसणारी. बांधाकडची पहिली सरी ओसाड, हा नवसाबाईच्या लेखी घराण्याला बट्टा होता. बी मिळेना, तेव्हा एके सकाळी ती गोणपाट घेऊन आली, सरीच्या मधोमध अंथरलं आणि त्यावर मांडी घालून बसली. समोर फुलांची पाटी, हातात सुई-दोरा. तिथंच हार ओवायला लागली.

"आत्याबाई, उठा तिथून," मैना म्हणाली. "सरी मोकळी ठेवायची आहे."

"मोकळी कुठंय? मी हाय ना."

त्यानंतर दिवाळीपर्यंत रोज, सकाळी चहा झाला की, नवसाबाई रूपकाच्या पहिल्या मात्रेवर हजर. सून बोलली, नात बोलली. म्हातारी म्हणायची, "तुमचं तुम्ही बघा, मी काय कुणाला आडवी येतीय?"

येत होतीच की आडवी. सावळीराम बोल म्हणत चालत यायचा. तीनताल, झपताल, एकताल करत बांधापर्यंत पोचला आणि तिथून रूपकाला लागला की समोर आई. आता आईला ओलांडायचं कसं? निजलेल्या लहान पोरालासुद्धा आपण ओलांडत नाही, तर ही जन्मदाती बसलेली. तो थांबायचा, चपला काढायचा, बांधावरून वळसा घालून तिच्या मागून पलीकडं जायचा आणि मग दुसऱ्या सरीवर पाय ठेवून पुढचा बोल म्हणायचा. सरळ आईला विचारावं, बाई गं, ऊठ, असं त्याच्या मनात यायचं. पण बारा वर्षं शाळेत न बोललेला माणूस आईपुढं काय बोलणार? आणि रोज वळसा घालायची सवय झाली की वळसाही रस्त्याचाच भाग वाटायला लागतो.

दसरा झाला, दिवाळी झाली, फुलं संपली. रान मोडलं, पाट्या काढून गोठ्यात ठेवल्या. सावळीरामला आता रानाची गरज नव्हती. डोळे मिटले की पाटी न् पाटी दिसत होती.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नाशकात परीक्षा झाली. पहिला दिवस लेखी. सावळीराम हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसला आणि मनातल्या मनात रानात उतरला. पर्यवेक्षकांना वाटलं झोपला. त्यांनी दोनदा हलवून जागं केलं, आणि दोन्ही वेळा त्याला परत पहिल्या सरीपासून यावं लागलं. पण उतरत गेलं सगळं. झपतालाच्या सहाव्या मात्रेखाली त्यानं 'कोथिंबीर' लिहिलं होतं, ते वेळेवर लक्षात आलं आणि खोडलं. रूपकाच्या पहिल्या मात्रेवर 'आई' लिहिलं होतं. ते खोडताना हात जरा अडखळला, पण खोडलं आणि 'तीं' लिहिलं. फक्त 'खाली म्हणजे काय?' या प्रश्नाची जागा कोरी राहिली. तिथं त्याला नुसती मेथी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी वाजवायचं. हा तर त्याचा हुकमी दिवस. स्नेहलची शाळा, मैनाला बाजार, म्हणून सोबत नवसाबाई आली. तिला घरी बस म्हटलं असतं तरी आलीच असती. भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन ती परीक्षेच्या खोलीबाहेर, दारासमोरच्या पहिल्या पायरीवर बसली.

परीक्षक बाई पुण्याहून आल्या होत्या. पांढरे केस, जाड चष्मा, चेहऱ्यावर माशी हलत नव्हती. शेजारी एक पेटीवाले. सावळीरामनं तीनताल असा वाजवला की पेटीवाल्यांनी मान डोलावली, झपतालाला तर बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "रूपक घ्या."

पेटीवर रूपकाची धून सुरू झाली. सावळीरामनं हात उचलले. समेवर डाव्या हाताचा डग्गा गप्प ठेवून उजव्या हातानं तबल्याच्या काठावर, चाटीवर, 'तीं' वाजवायचं. लहानपणापासून लाखवेळा वाजवलेलं. आणि त्याचे दोन्ही हात थांबले. क्षणभर थांबले, काहीतरी टाळून कडेनं गेले आणि दुसऱ्या मात्रेवर उतरले. पेटीवाल्यांनी वर बघितलं. पुन्हा सम आली. पुन्हा हात थांबले, वळसा घेतला आणि पलीकडं उतरले. तिसऱ्यांदाही तेच.

 इतक्या वर्षांत हा हात कधी अडला नव्हता. जूनमधली जागा, देवरे सर, 'काका' म्हणणारी पोरं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि समेवर मात्र गोणपाट, फुलांची पाटी आणि खाली मान घालून फूल ओवणारी म्हातारी, जागची हलायला तयार नाही.

बाईंनी हातानं थांबवलं. "विधाते, समेवर काय होतंय तुमचं?"

सावळीरामला खोटं बोलायला वेळ लागतो आणि वेळ नव्हता. तो म्हणाला, "आई बसलीय."

"कुठे?"

"समेवर."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. त्यांनी सावळीरामकडं बघितलं, मग दारातून दिसणाऱ्या म्हातारीच्या पाठीकडं बघितलं. पेटीवाले भाता धरून तसेच बसले होते. खोलीत कुणी हसलं नाही.

"मग उठवा त्यांना," बाई म्हणाल्या. "पाच मिनिटं देते. नंतर पुढचा नंबर."

सावळीराम बाहेर आला आणि आईशेजारी पायरीवर उकिडवा बसला. "आई, ऊठ ना तिथून."

"कुठून?"

"रूपकाच्या पहिल्या सरीतून."

नवसाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की पोराला ऊन लागलं की काय. "ते रान मोडलं रे. मी इथं हाय."

"तिथंही आहेस. मला दिसतेस. हात पुढं जात नाही माझा."

म्हातारीनं गाठोड्याची गाठ सोडली, परत बांधली. मग म्हणाली, "चार महिने झाले. सून वरडली, नात वरडली, मेथी उपटून टाकली माझी. तू रोज चपला काढून मागून जायचास, पण त्वांड उघडलं नाय. ती सरी मोकळी कशाला हाय, ते मला कुणी सांगितलं का? म्हातारीला काय कळतंय, व्हय ना?"

ते खरं होतं. चार महिने घरातली तीन माणसं तालशास्त्र शिकत होती, आणि चौथीला कुणी पाटीवर काय लिहिलंय एवढंही वाचून दाखवलं नव्हतं. तिला वाचता येत नाही हे माहीत असून.  व्याख्या त्याला कालही आली नव्हती, आजही येत नव्हती. म्हणून त्यानं आईचा हात हातात घेतला. तिचा तळवा उघडा धरून पहिल्या मात्रेला स्वतःचा हात हवेत उलटा फिरवला, काही न वाजवता. मग चौथीवर तिच्या तळव्यावर टाळी दिली, सहावीवर दुसरी. मग परत हवेत. अशी सहा आवर्तनं केली. सातव्या आवर्तनाला म्हातारीचा हात आपोआप हवेत फिरला.

"हे पहिलं मोकळं सोडतोस ते?" तिनं विचारलं.

"हो. ती खाली. तिथूनच सगळं सुरू होतं."

नवसाबाईनं आपल्या बोटांकडं बघितलं, सुईनं टोचून टोचून काळी पडलेली बोटं. "म्हंजे दोऱ्याचं टोक," ती म्हणाली. "हार ओवताना पहिलं टोक वीतभर मोकळं सोडतात. त्याच्यात फूल घातलं तर गाठ कुठं मारायची? हार गळ्यात पडायचा कसा?"

"तेच आई. अगदी तेच."

"मग असं सांगायचं ना. दोऱ्याच्या टोकावर मी बसले असते का रे?" तिनं भाकरीचं गाठोडं उचललं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि दारासमोरची पायरी सोडून पलीकडं, कडुनिंबाखाली जाऊन बसली. "जा. मोकळं केलं बघ."

सावळीराम आत गेला. पेटी सुरू झाली. सम आली, डग्गा गप्प राहिला आणि चाटीवर 'तीं' पडलं, मोकळं, स्वच्छ. पुढं मग त्यानं रूपक जो वाजवला त्याचं कौतुक पेटीवाल्यांनी नंतर पुढच्या तीन मुलांना ऐकवून त्यांचा धीर खचवला. संपल्यावर बाईंनी नियमाप्रमाणे एक तोंडी प्रश्न विचारला. प्रश्न तोच निघाला, 'खाली म्हणजे काय?'

"हाराच्या दोऱ्याचं पहिलं टोक," सावळीराम म्हणाला. "तिथं फूल ओवत नाहीत. ओवलं तर हार होत नाही."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"आईनं सांगितलं. आत्ताच, पायरीवर."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते कधी कळलं नाही, पण जानेवारीत निकाल आला तेव्हा सावळीराम दोन्हींत पास होता. लेखीत काठावर, पण काठ हा काठच असतो. जूनमध्ये शाळेचं पत्र मिळालं. पहिल्या दिवशी पाचवीतल्या एका मुलीनं 'सर, मी पाणी प्यायला जाऊ?' असं विचारलं, आणि हा मागं वळून बघायला लागला, की कुठले सर आले. त्या दिवशी त्यानं घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

जुलैत परत झेंडूची लागण आली. आता नकाशा नव्हता, पाट्या नव्हत्या. सऱ्या पाडल्या, पाणी दिलं, मैना रोपांची टोपली घेऊन बांधाकडच्या पहिल्या सरीत उतरली. नवसाबाई आडवी आली.

"इथं नाय लावायचं."

मैनानं कपाळावर हात मारला. "आत्याबाई, परीक्षा झाली ती. पास झाले. आता ही सरी कशाला मोकळी ठेवायची?"

"परीक्षा झाली, वाजवायचं झालं का?" नवसाबाई म्हणाली. "रोज पोरांना शिकवतोय तिथं. गाठ कुठं मारायची त्यानं?"

मैनानं सावळीरामकडं बघितलं. तो शाळेत जायला निघाला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात सायकल.  त्यानं सायकल उभी केली, टोपली उचलली आणि दुसऱ्या सरीच्या तोंडाशी नेऊन ठेवली. नवसाबाईनं गोणपाट बांधावर अंथरलं आणि सरीत पाय जाणार नाही अशा बेतानं त्यावर बसून सुईत दोरा ओवायला घेतला.